शिक्षणाची फी : पुंजीतून की कर्जातून?

मुलामुलींच्या पदवीचा खर्च बहुतेक घरांत आईवडील पंचेचाळीस ते पन्नास वर्षांचे असताना येऊन ठेपतो. घराचे हप्ते अजून फिटलेले नसतात, आजीआजोबांचे औषधपाणी वाढलेले असते आणि निवृत्ती दहा-पंधरा वर्षांवर आलेली असते. अशा वेळी फीचे पैसे दोन ठिकाणांहून उभे राहू शकतात. एक म्हणजे घराने साठवलेली पुंजी : मुदतठेव, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, सोने, प्लॉट. दुसरे म्हणजे बँकेचे शैक्षणिक कर्ज. पुंजीवर कोणाला व्याज द्यावे लागत नाही, म्हणून ती फुकट वाटते. कर्जाचे व्याज डोळ्यांसमोर असते, म्हणून ते महाग वाटते. किंमत मात्र दोन्हींना आहे. कर्जाची किंमत बँक कागदावर लिहून देते, पुंजीची किंमत घराला स्वतः काढावी लागते.

आधी खर्चाचा पूर्ण आकडा

कॉलेजच्या माहितीपत्रकातली ट्यूशन फी हा खर्चाचा एक भाग असतो. विकास निधी, परीक्षा शुल्क, डिपॉझिट, वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप आणि पुस्तके धरली तर बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा राहण्याखाण्याचा खर्चच कित्येकदा फीच्या जवळ जातो. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च मांडून त्याला चाराने गुणणे पुरेसे नसते. दरवर्षीची वाढही धरावी लागते.

या आकड्यातून आधी वजा करायची ती शिष्यवृत्ती. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळू लागली. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना वेगळ्या आहेत. यांतल्या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात.

इथे प्रवेश कसा मिळाला याला फार महत्त्व येते. शुल्क सवलतीसाठी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश घेतलेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातील जागेला ही सवलत सहसा मिळत नाही आणि व्याजाच्या सरकारी सवलतीचे दारही बंद होते. कॅपमधून मिळणारे थोडे कमी नावाजलेले कॉलेज आणि कोट्यातून मिळणारे जास्त नावाजलेले कॉलेज यांची तुलना करताना हा फरक लाखांत जाऊ शकतो. आयआयटीमध्येही सर्वसाधारण विद्यार्थ्याची ट्यूशन फी वर्षाला दोन लाख असली, तरी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच एक लाखाहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना ती पूर्ण माफ असते. एक ते पाच लाख उत्पन्नगटाला दोन तृतीयांश सूट असते.

प्रतिपूर्तीचे पैसे मात्र फी भरण्याच्या तारखेला हातात नसतात आणि कधी कधी पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत रेंगाळतात. त्यामुळे शिष्यवृत्ती मंजूर होणार असली तरी मधल्या काळापुरती रोख रक्कम लागतेच.

शैक्षणिक कर्ज कसे चालते

भारतातील बहुतेक बँकांची शैक्षणिक कर्जे इंडियन बँक्स असोसिएशनने आखलेल्या आदर्श योजनेवर बेतलेली आहेत. २००१ मध्ये सुरू झालेली ही योजना पुढे अनेकदा सुधारली गेली. तिच्यानुसार चार लाखांपर्यंत घरच्यांना पदरचा वाटा घालावा लागत नाही. त्यापुढे देशातील शिक्षणासाठी खर्चाच्या ५ टक्के आणि परदेशातील शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम घराला उभी करावी लागते; याला बँकेत 'मार्जिन' म्हणतात. मिळालेली शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरता येते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या पतहमी निधीचे संरक्षण मिळू शकते आणि ते मिळाले की तारण किंवा त्रयस्थ जामीनदार मागितला जात नाही. त्यापुढच्या रकमेला घर, प्लॉट, मुदतठेव किंवा विमा पॉलिसी असे काही तारण ठेवावे लागते. नामांकित संस्थांची प्रत्येक बँकेची स्वतंत्र यादी असते. त्या यादीतील संस्थेत प्रवेश मिळाल्यास तारणाशिवाय जास्त रक्कम आणि कमी दर मिळतो. विद्यार्थिनींना अनेक सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात.

आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हे पद नावापुरते नसते. विद्यार्थ्याने हप्ते थकवले तर बँक सहकर्जदाराकडे वसुली मागते आणि दोघांच्याही सिबिल अहवालावर डाग पडतो.

कर्जाची मंजूर रक्कम एकदम हातात पडत नाही. दरवर्षी किंवा दर सत्राला कॉलेजच्या मागणीपत्राप्रमाणे बँक ती थेट कॉलेजकडे पाठवते. व्याज लागते ते फक्त उचललेल्या रकमेवर. अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. या मोरॅटोरियमच्या काळात व्याज सरळव्याजाने मोजले जाते आणि तो संपताना साचलेले व्याज मुद्दलात मिळवून हप्ता ठरतो. फेडीची मुदत जास्तीत जास्त पंधरा वर्षे असते. शिकत असतानाच व्याज भरत राहिल्यास बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. दर साधारणपणे बदलता असतो आणि रेपो दराशी जोडलेला असतो. रेपो फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात साडेसहा टक्क्यांवर होता आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खाली आला. दहा-पंधरा वर्षांच्या कर्जात असे चढउतार गृहीत धरूनच चालावे लागते.

दहा लाखांचे कर्ज किती लाखांना पडते

चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षाच्या सुरुवातीला अडीच लाख, असे एकूण दहा लाख उचलले आणि दर १० टक्के आहे असे समजू. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज साचते. एकूण व्याज होते साडेतीन लाख. म्हणजे फेड सुरू होण्याच्या दिवशी कर्ज दहा नव्हे, साडेतेरा लाखांचे असते.

ते सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे २२,४०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण १८ लाख ८३ हजार भरले जातात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १७,८४० आणि एकूण भरणा २१ लाख ४१ हजार. पंधरा वर्षांत हप्ता सुमारे १४,५०० वर येतो, पण एकूण भरणा २६ लाखांच्या पुढे जातो. दहा वर्षांची मुदत पंधरा केल्यावर महिन्याला सुमारे ३,३०० रुपये हलके होतात आणि त्यासाठी एकंदर पावणेपाच लाख जास्त मोजावे लागतात.

शिकत असतानाच व्याज भरले तर चित्र बदलते. पहिल्या वर्षी महिना सुमारे २,१००, दुसऱ्या वर्षी ४,२००, तिसऱ्या वर्षी ६,२५० आणि त्यानंतर ८,३०० रुपये एवढाच भार घरावर येतो. पाच वर्षांत साडेतीन लाख भरून होतात आणि फेड सुरू होताना मुद्दल दहा लाखच उरते. दहा वर्षांसाठी हप्ता १३,२०० च्या आसपास बसतो. व्याजासकट एकूण भरणा १९ लाख ३६ हजार होतो, म्हणजे दोन लाखांची बचत. बँकेची दरातली सूट मिळाली तर ती वेगळी. सगळी फी भरणे झेपत नाही पण महिन्याला काही हजार बाजूला काढता येतात, अशा घरांसाठी हा मार्ग मोलाचा आहे.

व्याजात मिळणारी सरकारी मदत

साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. मान्यताप्राप्त संस्थांमधील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळातील सगळे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणातले साडेतीन लाख अशा घराला द्यावे लागत नाहीत.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. एनआयआरएफ क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या, सुरुवातीला ८६० असलेल्या संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज देण्याची तरतूद तिच्यात आहे. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि विद्यार्थ्याला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये तीन टक्के व्याज सरकार सोसते. आपल्या उदाहरणात ही मदत एक लाख पाच हजारांची होते. मात्र तिचा लाभ वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरताच आहे. शिवाय दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीसोबत ती मिळत नसल्याने शुल्कातली निम्मी सवलत आणि तीन टक्के व्याजसवलत यांपैकी कोणती घ्यायची, हे फीचा आकडा समोर ठेवून ठरवावे लागते. फी मोठी असेल तर शुल्क सवलत बहुधा भारी पडते.

राज्य पातळीवर महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जावरील व्याज परताव्याची योजना आहे, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प दराने शैक्षणिक कर्ज देते. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

अशा योजनांमुळे एरवीचा हिशेब उलटा होतो. व्याज पूर्ण माफ असेल तर घरात पैसे असूनही कर्ज घेणे शहाणपणाचे ठरते. पुंजी पाच वर्षे मुदतठेवीत वाढू द्यायची आणि मोरॅटोरियम संपताच त्यातून कर्जाचा मोठा भाग एकरकमी फेडायचा, असे करता येते.

पुंजीची किंमत

घरातल्या पैशाचे सगळे डबे सारखे नसतात. कोणत्या डब्यातून पैसे काढायचे यावर त्यांची किंमत ठरते.

मुदतठेव सर्वांत स्वस्त पडते. ठेवीवर सात टक्के मिळत असतील आणि घर २० टक्क्यांच्या करटप्प्यात असेल, तर कर जाऊन हाती साडेपाच टक्केच राहतात. अशी ठेव बँकेत ठेवून शेजारच्याच खिडकीवर १० टक्क्यांचे कर्ज घेणे म्हणजे दरवर्षी साडेचार टक्के तोटा. सरकारी व्याजसवलत नसेल तर मोकळी मुदतठेव फीसाठी वापरणे सहसा फायद्याचे असते. तिच्यातून सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम मात्र शिल्लक ठेवावी लागते, कारण नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर शैक्षणिक कर्ज उपयोगी पडत नाही. पतसंस्थेतील ठेवींना बँकांप्रमाणे पाच लाखांचे ठेव विमा संरक्षण नसते, त्यामुळे फीसाठी राखलेला पैसा तिथे ठेवणे जोखमीचे आहे.

पीपीएफवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के करमुक्त व्याज मिळत आले आहे. सातव्या आर्थिक वर्षापासून खात्यातून ठरावीक मर्यादेत रक्कम काढता येते. उच्च शिक्षणासाठी पाच वर्षांनंतर खाते मुदतीपूर्वी बंदही करता येते, पण मग व्याज एक टक्का कमी धरले जाते. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते असेल तर ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, आधीच्या आर्थिक वर्षाअखेर असलेल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. हे खाते उघडलेच मुळी या कारणासाठी असते, म्हणून ते वापरताना फार विचार करावा लागत नाही.

म्युच्युअल फंडातील पैशाची अडचण वेळेची असते. जानेवारी ते मार्च २०२० या काळात निफ्टी एक तृतीयांशाहून अधिक घसरला होता. त्या जूनमध्ये फी भरायची असलेल्यांना पडत्या भावात युनिट विकावी लागली असती. म्हणून पुढच्या तीन वर्षांत लागणारा फीचा पैसा शेअर बाजारातून आधीच काढून ठेवीत किंवा अल्पमुदतीच्या कर्जरोखे फंडात आणला जातो. इक्विटी फंडातील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे. चारही वर्षांची रक्कम एकाच वर्षी काढण्याऐवजी दरवर्षी थोडी काढली तर ही मर्यादा चार वेळा वापरता येते.

सोने मोडायचे की गहाण ठेवायचे, हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतो. पहिल्या वर्षाच्या फीची तारीख तोंडावर असेल आणि शैक्षणिक कर्ज मंजूर व्हायला वेळ लागत असेल तर सोनेतारण किंवा ठेवीवरचे कर्ज चार-सहा महिन्यांसाठी सोयीचे असते. चार वर्षांच्या शिक्षणासाठी मात्र ते योग्य नाही, कारण त्याला मोरॅटोरियम नाही आणि फेड लगेच सुरू होते. जमीन किंवा प्लॉट घाईत विकला तर भाव पडून मिळतो. तीच मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतले तर ती घरातच राहते, पण कर्ज थकल्यास जाण्याचा धोकाही राहतो.

सर्वांत महाग पुंजी निवृत्तीची. भविष्य निर्वाह निधीतून शिक्षणासाठी काही रक्कम काढता येते, म्हणून ती काढण्याकडे ओढा असतो. पण पंचेचाळिसाव्या वर्षी ७.१ टक्क्यांच्या पीपीएफसारख्या खात्यातून दहा लाख काढले तर साठाव्या वर्षी सुमारे अठ्ठावीस लाख कमी पडतात. शिक्षणासाठी बँक कर्ज देते; निवृत्तीनंतरच्या घरखर्चासाठी कोणी देत नाही. निवृत्तीची पुंजी मुलाच्या फीत गेली तर तो बोजा पुढे त्याच मुलावर येतो, फक्त वीस वर्षे उशिरा आणि ठरलेल्या हप्त्याशिवाय.

तुलना दरांची करावी, बेरजेची नको

दहा लाखांचे कर्ज एकवीस लाखांना पडले आणि पीपीएफमधले दहा लाख अठ्ठावीस लाख झाले असते, अशी तुलना चहाच्या टेबलावर नेहमी होते. ती फसवी आहे. कर्जाचे एकवीस लाख दहा वर्षांच्या हप्त्यांत विखुरलेले असतात आणि ते हप्ते भरावे लागले नसते तर तो पैसाही कुठेतरी वाढला असता. तुलना करायची ती कर्जाचा दर आणि पुंजीचा करोत्तर परतावा यांची.

त्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली, मोरॅटोरियममध्ये सरळव्याज असल्याने १० टक्क्यांच्या कर्जाचा त्या काळातला खरा वार्षिक दर ८.८ टक्क्यांच्या आसपास पडतो. दुसरी दुरुस्ती प्राप्तिकराची. '८०ई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत शैक्षणिक कर्जाचे भरलेले सगळे व्याज, रकमेची मर्यादा न घालता, आठ वर्षांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. कर्ज बँकेचे, वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. मामाकडून किंवा मित्राकडून घेतलेल्या पैशाला ही सवलत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला यामुळे १० टक्क्यांचे कर्ज सुमारे ६.९ टक्क्यांना पडते, म्हणजे पीपीएफच्या परताव्यापेक्षाही स्वस्त.

बँकेच्या खिडकीवर ही सवलत ठळकपणे सांगितली जाते, तिची अट मात्र मागे राहते. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत, करच द्यावा लागत नाही. नुकत्याच नोकरीला लागलेल्या बहुसंख्य पदवीधरांचा पगार या मर्यादेच्या आत असतो. त्यांच्या हिशेबात ही सवलत शून्य धरावी. ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती जुन्या प्रणालीत राहिलेल्या आणि स्वतः व्याज भरणाऱ्या सहकर्जदार पालकांना.

यावरून क्रम असा लागतो. मोकळी मुदतठेव आणि शिक्षणासाठीच साठवलेली रक्कम आधी वापरावी. पीपीएफ आणि जुनी इक्विटी गुंतवणूक यांच्याबाबत दर ताडून पाहावेत. आणीबाणीच्या आणि निवृत्तीच्या पैशाला हात लावण्याआधी कर्ज घ्यावे.

दोन्ही मार्ग एकत्र

निम्मे पुंजीतून आणि निम्मे कर्जातून भरायचे असेल तर कोणते आधी, हेही मोजून पाहता येते. पहिली दोन वर्षे कर्ज घेतले तर पाच लाखांवर मोरॅटोरियमअखेर सव्वादोन लाख व्याज साचते. पहिली दोन वर्षे पुंजीतून भरून शेवटची दोन वर्षे कर्ज घेतले तर तेच व्याज सव्वा लाख होते. पुंजी दोन वर्षे जास्त ठेवीत राहिली असती तर साडेपाच टक्क्यांनी सुमारे ५५ हजार मिळाले असते. ते वजा जाता पुंजी आधी वापरण्यात ४५ हजारांचा फायदा उरतो.

यात एक अट आहे. तिसऱ्या वर्षी बँकेकडे जाण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच पूर्ण अभ्यासक्रमासाठी कर्ज मंजूर करून घेणे सुरक्षित असते. मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली, सिबिल गुण घसरला किंवा विद्यार्थ्याचे विषय राहिले तर नवे कर्ज मिळणे अवघड होते. न उचललेल्या रकमेवर व्याज नसते, त्यामुळे मंजुरी हाताशी ठेवायला फारसा खर्च येत नाही. मंजूर रक्कम किती काळात उचलायची, याची बँकेची अट तेवढी मंजुरीपत्रात वाचावी लागते.

किती कर्ज झेपेल

कर्ज किती मिळते यापेक्षा ते कशातून फिटणार हा आकडा महत्त्वाचा आहे. नव्या नोकरीत भाडे, खाणे आणि प्रवास जाऊन हाती येणाऱ्या पगाराच्या पाव हिश्श्यापर्यंत हप्ता ओढाताण न होता भरता येतो. हाती ४० हजार येणार असतील तर हप्ता दहा हजारांचा. १० टक्के दराने दहा वर्षांत दहा हजारांच्या हप्त्यात साडेसात लाखांच्या आसपास कर्ज फिटते. मोरॅटोरियमचे व्याज बाजूला काढले तर मूळ कर्ज साडेपाच लाखांपर्यंतच असावे. दहा लाखांच्या कर्जाचा १७,८४० रुपयांचा हप्ता ३० हजारांच्या पगारातून द्यायचा झाला तर जवळपास साठ टक्के पगार त्यातच जातो. तेव्हा हप्ता प्रत्यक्षात आईवडीलच भरत असतात.

पगाराचा अंदाज कॉलेजच्या जाहिरातीतून घेऊ नये. 'सर्वोच्च पॅकेज' एका विद्यार्थ्याचे असते आणि सरासरीही अशा दोन-चार आकड्यांनी फुगते. एनआयआरएफसाठी संस्था जी माहिती सादर करतात, तिच्यात नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि मध्यक पगार असतो. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळाले तो आकडा. शिवाय पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि बोनस धरलेले असतात. हाती येणारा पगार त्याहून बराच कमी असतो.

धाकट्या भावंडांचा हिशेबही याच वेळी करावा लागतो. मोठ्याच्या फीत सगळी पुंजी संपली आणि धाकटीसाठी कर्जच उरले, किंवा मोठ्याच्या कर्जाला घर तारण गेल्याने धाकटीच्या वेळी तारणच राहिले नाही, असे प्रसंग आधी मांडणी केली तर टाळता येतात.

परदेशी शिक्षण

परदेशाच्या बाबतीत रक्कम मोठी असते, तारण बहुधा लागतेच आणि चलनाची भर पडते. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ अखेर तो ८३ वर होता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातही फीचा रुपयांतला आकडा वाढू शकतो, म्हणून मंजूर रकमेत थोडी मोकळीक ठेवतात. शिक्षणानंतर तिथेच नोकरी मिळाली तर घसरता रुपया फेड सोपी करतो. परत यावे लागले तर परदेशी खर्चाचे कर्ज भारतीय पगारातून फेडावे लागते. तिथे नोकरी करण्याची परवानगी त्या देशाच्या धोरणावर अवलंबून असल्याने हप्त्याचा हिशेब भारतीय पगारावर एकदा करून पाहावा.

करातही फरक आहे. एप्रिल २०२५ पासून वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक पाठवले तर वरच्या रकमेवर तो कापला जातो. विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. व्हिसासाठी निधीचा पुरावा म्हणून बँकेचे मंजुरीपत्र अनेक देशांत चालते.

हप्ता सुरू झाल्यावर

नोकरी मिळायला उशीर झाला तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन लेखी अर्ज देणे हिताचे असते. आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी मोरॅटोरियम वाढवण्याची मुभा आहे. मात्र नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि मग वाटाघाटीला जागा कमी उरते. मोठ्या कर्जासोबत विद्यार्थ्याच्या नावे साधा मुदतीचा विमा असावा. बँक जो एकरकमी हप्त्याचा विमा कर्जात मिळवून देते, त्याच्याशी बाहेरच्या मुदत विम्याच्या हप्त्याची तुलना करावी, कारण कर्जात मिळवलेल्या विम्याच्या हप्त्यावरही व्याज चढते.

बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास बँक दंड आकारू शकत नाही. त्यामुळे लांब मुदत घेऊन हप्ता लहान ठेवायचा आणि बोनस किंवा पगारवाढ आली की जादा रक्कम भरायची, हा मार्ग खुला राहतो. जादा रक्कम भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करावी असे बँकेला लेखी कळवले तर व्याजाची बचत जास्त होते. कर्ज पूर्ण फिटल्यावर 'कर्ज शिल्लक नाही' असे प्रमाणपत्र घ्यावे आणि सिबिलमध्ये खाते बंद दिसते का ते पाहावे. मालमत्ता तारण असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला देणे बँकेवर बंधनकारक आहे.